पायथ्याचा डोह

थोरला: हात वर धर. वर म्हणतोय ना! डोक्याच्या वर.

धाकटा: दादा, माझी बोटं कुठंयत?

थोरला: डोहात. तुझ्या पराक्रमाबरोबर. शोधायला जाऊ?

धाकटा: सुरुंगाची पहिली कांडी बरोबर पाण्यात पडली. दुसरीची वात आखूड निघाली, हातातून सुटता सुटता बोटीतच फुटली. दादा, रक्त थांबत नाहीये.

थोरला: थांबेल. संपलं की थांबेल.

धाकटा: आई गं! मारतोयस काय? अशा हालतीत मारतोयस?

थोरला: ही एक झाली. बाकीच्या बरा झालास की देईन. चौकीच्या खिडकीतून बघ. मान फिरवू नकोस, बघ! काय दिसतंय?

धाकटा: मासे.

थोरला: पोटं वर करून. सगळ्या माद्या, गाभोळीनं टम्म भरलेल्या. समुद्रापासून महिनाभर चढत आल्या, तोंडात घास न घेता. वरच्या वाळूत अंडी घालायला आणखी दोन दिवस हवे होते त्यांना. दोन दिवस! तू पोटं फाडलीस. ती पिवळी साय दिसतेय ना पाण्यावर, ती गाभोळी आहे.

धाकटा: आणि आम्ही तीन महिने जाळं खुंटीला टांगून बसायचं? बंधारा तुम्ही घातलात, बंदी आमच्यावर. तुझं काय, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लागला, झालास राजा!

थोरला: बंधाऱ्यात पायऱ्यांची वाट कशाला काढलीय? हे मासे वर चढावेत म्हणून. त्यांची पिल्लं खाली आली की तुझ्याच जाळ्यात पडली असती, गाढवा.

धाकटा: वेळ तर तूच सांगितलीस.

थोरला: काय?

धाकटा: परवा, जेवताना. वहिनीला विचार. ‘सकाळी कचरा काढायला अर्धा तास वाटेचं दार बंद करतो, तेव्हा पायथ्याच्या डोहात मासे इतके दाटतात, की मध्ये काठी उभी राहील.’ काय रंगात आला होतास!

थोरला: कौतुकानं सांगत होतो रे. घरच्या माणसाला.

धाकटा: घरच्याच माणसानं ऐकलं.

थोरला: त्याच अर्ध्या तासात मोजणीवाली बाई डोहात उतरते. दाटलेले मासे मोजायला. हे तेवढं सांगायचं राहिलं माझं.

धाकटा: बाई? पाण्यात? आईशप्पथ दादा, मला माहीत नव्हतं. मेली?

थोरला: दोन्ही कानांतून रक्त येतंय. ओढून खडकावर ठेवली, रुग्णवाहिकेला फोन केला, आणि तिला तशीच टाकून आधी तुझ्याकडे धावलो, हरामखोरा. ती बघ, भिंत धरत धरत इकडेच येतेय.

धाकटा: पाया पडतो तुझ्या. बोटीचं इंजिन फुटलं म्हणून सांग. बोटीचे तुकडे झालेच आहेत, कोण बघतंय?

थोरला: गप्प बस.

मोजणीवाली: काका, दार! दार अजून बंद का? खालच्या अंगाला मासे जिवंत आहेत बरेच. भिंतीवर डोकी आपटतायत!

थोरला: बाई, तुम्ही आधी बसा...

मोजणीवाली: मला ऐकू येत नाही. कानात नुसती शिट्टी वाजतेय. दार उघडा हो!

थोरला: उघडतो. हे घ्या. उघडलं.

मोजणीवाली: चढतायत! बघा, चढतायत! ...हा कोण? अरे देवा. असल्या फडक्यानं भागतंय का? माझा कमरेचा पट्टा घ्या. कोपराच्या वर. ताणा. ओरडला तर ओरडू दे, अजून ताणा. सोडा, मी धरते. डोळे मिटू नकोस रे, माझ्याकडे बघ. तूही पाण्यात होतास का? सुरुंग कुणी टाकला, दिसलं तुला?

धाकटा: दादा, इंजिन. तिला सांग ना.

मोजणीवाली: काय म्हणतोय हा? काका, माझी मोजणीची पाटी घ्या, पेन्सिल दोरीला बांधलीय. हा कोण, काय झालं, लिहा. गाडी आली की त्यांना सांगावं लागेल.

धाकटा: माझ्या पोरींकडे बघ, दादा. तुझ्या मांडीवर वाढल्यात त्या.

थोरला: त्यांच्याकडे बघेन मी. त्यांची काळजी करू नकोस.

धाकटा: एवढं काय लिहितोयस? इंजिन, एवढाच तर शब्द आहे! दादा!

मोजणीवाली: आणा, दाखवा. ‘माझा धाकटा भाऊ. सुरुंग यानंच टाकला. वेळ माझ्याकडून कळली.’

थोरला: (मान हलवतो.) हो.

मोजणीवाली: मग हा पट्टा तुम्ही धरा, काका. माझ्यानं आता नाही धरवत.