नुसता सातबारा

चाकूरला बस भरली, म्हणून सिंधुबाईंना पुढं जागा मिळाली आणि त्यांच्या नवऱ्याला, शेषेरावांना, मागच्या सीटवर. सिंधुबाईंच्या शेजारी एक अनोळखी बाई होती.

"लेक काय करती तुमची?"

"पुनम नांदेडात एका दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळती. परवा तिथल्या फायली उघडंनात. सिस्टीम बनवणारे म्हणले, सगळी डिस्कच पाठवा, चूक शोधतो."

"मग पाठवली?"

"पेशंटचे कागद परक्याला द्यायचे व्हय? हिनं कोणती फाईल कुठं हाय, केवढी हाय, एवढीच नोंद काढून पाठवली. त्यातली नावंसुद्धा बदलली."

"तेवढ्यावर घावली चूक?"

"हाव. एकच जागा दोन फायलींच्या नावावर चढली होती."

"अगं बाई. आमच्या बांधावानीच की."

"तेच तर. ती दवाखान्याच्या साहेबाला म्हणली, नुसता सातबारा दिलाय, शेतात पाय ठिवू देणार न्हाई."

"लई हुशार हाय. कुणावर गेली?"

"बापावर. तीस वर्षं तलाठी होते, एक फेरफार चुकला न्हाई."

"कुठं असतेत ते?"

"मागंच बसलेत. हळू बोला, ऐकतील."

शेषेरावांनी घाईनं डोळे मिटले आणि बारीक घोरायला सुरुवात केली.