खोर फक्कानचे धुरकट फोटो

अमिरातीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या खोर फक्कान किनाऱ्यावरच्या सहलीत नेमके काय घडले, ते मी पाहिलेले नाही. मी अल ऐनला घरीच होते. मी पाहिले ते माझी भाची सई हिने काढलेले धुरकट फोटो, आणि ऐकला तो मंडळाचे स्वयंघोषित छायाचित्रकार कुलकर्णीसाहेब यांचा निकाल: “नवशिक्यांचा स्वस्त मिररलेस कॅमेरा म्हणजे खेळणं! दुकानात परत करा.”

सईने शिकवण्या घेऊन तो कॅमेरा घेतला होता. तिचे वडील, म्हणजे माझे भावोजी, मात्र लगेच बिल शोधू लागले.

मी सईला विचारले, “गाडीत कॅमेरा कुठे होता?”

“एसीसमोर, मावशी. टु कीप इट कूल.”

“आणि साहेबांचा?”

“त्यांनी तो बाहेर काढलाच नाही.”

एकाच कॅमेऱ्याची परीक्षा घेऊन तुलनेचा निकाल देता येत नाही, असे मी साहेबांना स्पष्ट सांगितले आणि पुढच्या शनिवारी सर्वांना पुन्हा खोर फक्कानला नेले. दोन्ही कॅमेरे वाटभर एसीसमोर ठेवले आणि किनाऱ्यावर एकदमच बाहेर काढले. त्या दमट हवेत दोन्ही गार लेन्सवर क्षणात वाफ धरली.

“साहेब, आता आपलाही परत करायचा का?” मी विचारले.

“हवाच खराब आहे हो!”

वाफ ओसरल्यावर सईचे फोटो स्वच्छ आले. तरीही साहेब म्हणाले, “माझा सल्ला तोच.”

भावोजी पुटपुटले, “साहेब एवढं म्हणतायत तर…”

सईने कॅमेरा गळ्यात अडकवला. “बाबा, खलास. आय ॲम कीपिंग इट.”

कॅमेरा परत करायची मुदत उद्या संपते, आणि रिकामा खोका बिलासकट अजून भावोजींच्या डिकीतच आहे.