गुरुजींच्या खिशातली तार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आपले सरपंच आप्पा, एवढ्या उन्हातून देवरुखाहून आलेले पंचायत समितीचे साहेब, ज्यांच्या निरोपासाठी हा मांडव घातला ते आपले परशुराम गुरुजी, वर बसलेली मोठी माणसं आणि खाली पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या बायांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी मथुरा. ह्या शाळेत एकवीस वर्षं पाणी भरते, घंटा देते. भाषण मला येत नाही, म्हणून लिहून आणलंय. अक्षर माझंच आहे, हे मुद्दाम सांगते, कारण मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई. मघाशी आप्पा मला म्हणाले, "वहिनी, चार चांगले शब्द बोला. पाच मिनिटांत आटपा." आटपते. चांगले शब्दही बोलते.

गुरुजींनी ह्या गावाला काय दिलं? आधीच्या वक्त्यांनी बाग सांगितली, विहीर सांगितली, स्कॉलरशिपची पोरं सांगितली. वही कोणी सांगितली नाही. मुंबईला, आखाताला जाणाऱ्या पोरांसाठी गुरुजी एक वही करायचे. डाव्या हाताला इंग्रजी शब्द, समोर त्याचे जेवढे अर्थ तेवढे, हिंदीत. हिंदीत का? तर तिथला मुकादम भय्या असणार, तो काय आपल्या गावची भाषा बोलणार आहे? लाइट म्हणजे रोशनी, लाइट म्हणजे हलका. फाइन म्हणजे बढिया, फाइन म्हणजे जुर्माना. मीन म्हणजे मतलब, मीन म्हणजे नीच. एक शब्द आणि चार तोंडं. गुरुजी पोरांना सांगायचे, "अर्थ मागचापुढचा शब्द बघून लावायचा रे. घाईनं लावाल तर नोकरी जाईल." रावजीचा बाळा आज दुबईत क्रेन चालवतो, ती वही उशाला घेऊन झोपतो म्हणे. हे चांगलं झालं. हे मी सांगितलं.

आता दुसरं. आप्पा, घड्याळ बघू नका. अजून पाच मिनिटं झाली नाहीत.

साहेब बाहेरचे, त्यांना ठाऊक नसेल. आमच्या गावात तार आली की ती ज्याच्या नावाची त्याच्या हातात जात नसे. पोस्टमन ती गुरुजींकडे आणायचा. गुरुजी वाचायचे, चार जाणती माणसं बोलवायचे, आणि ज्याची तार त्याचं जेवण होईपर्यंत सगळे गप्प. वाईट बातमी आली की घरची चूल पेटत नाही, मग माणूस उपाशी राहील, म्हणून आधी पोटात दोन घास जाऊ देत. रीत मायेचीच. मीही दुसऱ्यांच्या वेळी तोंड दाबून वाढलेलं आहे. खोटं कशाला बोलू?

एक्क्याऐंशी साल. श्रावणातला सोमवार. माझी एकुलती लेक राही मुंबईला बाळंत झालेली, दुसरं बाळंतपण. सकाळी साडेदहाला विठू पोस्टमन शाळेत आला. मी समोरच हंडे भरत होते. गुरुजींनी तार वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. आप्पांना बोलावणं गेलं. ते काय बोलले, हे मला पुढं विठूनं सांगितलं, तो तिथंच उभा होता.

आप्पा म्हणाले, "अशी तार येते तेव्हा माणूस गेलेलंच असतं. आता घाई कसली?"

गुरुजी म्हणाले, "जेवली असेल का ती?"

"आज सोमवार. संध्याकाळी सोडेल."

"मग संध्याकाळी."

मी गुरुजींना चहा नेऊन दिला. त्यांनी विचारलं, "मथुरा, फराळ केलास का गो?" इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही गुरुजी, माझा कडक असतो." त्यांनी मान खाली घातली आणि चहा प्याले. तार खिशात. माझ्यापासून हातभर.

साडेबाराला संगमेश्वरला मुंबईची एस्टी होती. धावत गेले असते तर मिळाली असती.

संध्याकाळी मी सोमवार सोडला. भात, वालाची उसळ. हात धुतले आणि दारात चौघे उभे. गुरुजींनी तार काढली. घामानं ओली झालेली.

तोवर राही गेलेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी पहाटे चारला गेली. मी त्या दिवशीच्या गाडीनं पोचले. जावई रघू म्हणाला, "आये, ती दिवसभर दाराकडं तोंड करून होती. नर्सबाईंना सारखी विचारायची, माझी आये आली का?" मूल वाचलं, ते आणि थोरलं, दोन्ही तिच्या सासूकडं आहेत.

तेव्हापासून मी सोमवार धरत नाही.

चौदाव्या दिवशी कामावर आले आणि गुरुजींच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, "मला वाचायला शिकवा. इंग्रजी."

ते म्हणाले, "मथुरा, ह्या वयात?"

मी म्हटलं, "ह्या वयात तुम्ही मला निपुत्रिक केलंत, तेव्हा वय विचारलंत का?"

त्यांनी शिकवलं. मधल्या सुट्टीत, रोज, चार वर्षं. मी कडूच बोलायची, तरी एक दिवस चुकवला नाही त्यांनी. मलाही पोरांसारखीच वेगळी वही करून दिली. पहिली तार मी वाचली ती काशीच्या भावाची. काशी लावणीच्या चिखलात होती. मी बांधावरून उतरले, वाचून दाखवली, म्हटलं, "पाय धुऊ नको, गाडी जाईल." भाऊ दोन दिवस जगला, पण बहिणीच्या मांडीवर गेला. आता गावात तार ज्याची त्याच्या हातात जाते. उपाशी असो नाहीतर जेवलेला.

राहीची तार मी आणली आहे. चारच शब्द. राही सिरियस स्टार्ट इमिजिएटली. वहीत प्रत्येकाचे अर्थ शोधले. सिरियसपुढं तीन अर्थ. स्टार्टपुढं चार, निकलना, शुरू करना, चौंकना, आणखी एक. इमिजिएटलीपुढं गुरुजींच्याच अक्षरात एकच लिहिलंय, तुरंत. दुसरा अर्थच नाही. मागचापुढचा शब्द बघायला नको.

मागं पंगतीची पानं मांडली आहेत. रीतीप्रमाणं गुरुजींच्या पोटात दोन घास गेल्यावरच मी हे सांगायला हवं. पण मी थांबणार नाही. गुरुजी, शिकवलंत, ते उपकार मरेपर्यंत फिटणार नाहीत. आणि थांबलात, ते मी माफ केलेलं नाही. दोन्ही खरं आहे. तुम्ही उद्या गाव सोडून जाणार, म्हणून आज सांगितलं.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. अडाणी बाईच्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा करा. त्याला घाई नाही.