विटेखालचं पोस्टकार्ड

...फाडून फेकाचं होतं म्हणता? तुमचं काय जाते सांगाले! फाडणाऱ्याची म्हैस आटली असं त्याच कार्डावर लिहिलं होतं, मंग? आता आमच्याकडं म्हैस नाही, मान्य, पण घरात लेकरू आहे न!

तुम्हाले सांगते बायांनो, बुधवारी दुपारी मी आपली बाळाले वरणाचं पाणी पाजून राहिली होती, तं कवडू पोस्टमन आला, कार्ड हातात दिलं अन् मी वाचलं... इथंच फसली! जांभळी शाई, खाली नाव नाही, गाव नाही. 'एका पुजाऱ्यास दृष्टांत झाला. हे कार्ड मिळताच सात दिवसांत एकवीस जणांस पाठवावे. एका वकिलाने पाठवले, त्यास मोटार मिळाली. एका मास्तराने फाडले, त्याची म्हैस आटली व पुढे घरावर संकट आले.' संकट! कोणतं, ते लिहिलंच नाही. लिहिलं असतं तं निदान औषध तरी आणून ठेवलं असतं!

धावली मी कवडूच्या मागं. म्हटलं, "भाऊ, हे वापस ने गा!" तं तो सायकलवर टांग टाकत म्हणते, "मी कुठं नेऊ बाई? माह्याबी घरात तीन लेकरं आहेत!"

कंपाउंडावरून यमुताई डोकावल्या. "तू हातात घेतलंच काहून वं? मी त्याले म्हणते, आधी दुरून दाखव. जांभळी शाई दिसली का दार बंद!" आता हे मले आदल्या दिवशी सांगाले काय झालं होतं? अन् आमच्या सासूबाई आतून ओरडतात, "फाडू नको, जाळू नको, अन् घरात तं आणूच नको!" मंग ठेवू कुठं, डोक्यावर? शेवटी अंगणात विटेखाली ठेवलं. हात राखेनं धुतले, बाळाची दृष्ट काढली, अन् त्या विटेवर आणखी एक वीट ठेवली... बाहेर येऊ नये म्हणून! हसता काय? घरात लेकरू आहे न!

आमचे हे हिंगण्याहून कंपनीच्या बसनं आले. "रिकामटेकड्या लोकाईचे धंदे आहेत" म्हणाले अन् पाटावर बसले. वांग्याची भाजी दोनदा घेतली! बाप्पा, काय काळीज असते माणसाईचं!

शुक्रवारी बाळाचं अंग तापलं. डॉक्टर म्हणे, "दात येऊन राहिले, बाई." मनात म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुम्हाले विटेखालचं माहीत नाही! शनिवारी कार्डांचा गठ्ठा आणला अन् लिहाले बसली.

आता माह्यं शिक्षण सातवी, पण पत्रलेखनात वर्गात पहिली! नत्थूजी गुरुजी मायना चुकला का छडी मारत, पत्ता राहिला का दोन मारत. मंग मोठ्या माणसाले एकदम धमकी द्याची तरी कशी, सांगा? रुपरावमामाले लिहिलं, 'तीर्थरूप मामांस शामलाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. हे कार्ड सात दिवसांत एकवीस जणांस न पाठवल्यास आपल्या घरावर संकट येईल. चि. बाळास दात येत आहेत. मामीस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. लोभ असावा.' अन् वर माह्या घराचा पूर्ण पत्ता, मोहल्ल्यासकट!

एकोणीस झाले अन् माणसं सरली. एकवीस जण ओळखीचे असणं सोपं वाटते का? मोजून पाहा घरी. विसावं डॉक्टरले धाडलं, एकविसावं ह्यांच्या साहेबाले.

अन् सोमवारी बाळाचा ताप उतरला! मंगळवारी मी लंगोट पिळून राहिली होती, मागं पाहते तं काय... सासूबाईनं विटा उचलून चुलीले लावलेल्या, अन् आमचं बाळ रांगत रांगत जाऊन ते कार्ड चावून राहिलं! वरच्या हिरडीत दोन दात चमकून राहिले, अन् अर्धं कार्ड पोटात! म्हैस, मास्तर, सगळं गिळलं! "खाल्लं वं त्यानं!" सासूबाई खालीच बसल्या. म्हटलं, थांबा, फाडलं तं काय होते ते लिहिलं होतं. खाल्लं तं काय होते, ते कुठं लिहिलं होतं? अन् तुम्हाले सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी ते संकट लंगोटात आलं, मी धुऊन टाकलं!

पण त्या मंगळवारी आमचे हे घरी आले ते बोटं चोळत. "साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. म्हणे, मनोहरराव, तुमच्या मिसेस लिहितात माझ्या घरावर संकट येईल, अन् खाली लोभ असावा?" मी म्हटलं, रागावले का जी? "रागावतात कायचे! त्यांच्या बाईनं ते वाचलं. घरात नातू आहे न! साहेब सकाळपासून कार्डं लिहून राहिले. आठ मलेच लिहाले लावले!" घ्या! रिकामटेकड्या लोकाईचे धंदे!

मले वाटलं, संपलं. कुठचं! काल कवडू आला तो सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन. "बाई, हे सतरा. बाकीचे उद्या." पहिलं मामाचं, 'चि. शामलास आशीर्वाद. वीस झाले. एकविसावे माणूस आठवेना, तुझा पत्ता तेवढा समोर होता. बाळाला दात आले का?' सगळ्याईले एकविसाव्या जागी मीच सापडली! साहेबाचं तं टाइप केलेलं आहे...

म्हणून म्हटलं बायांनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाले इतक्या जमल्या, तिळगूळ घेतला, तं जाता जाता आपापला पत्ता... काहून उठल्या वं सगळ्या? बसा न! यमुताई, तुम्ही तरी! "आमच्याबी घरात लेकरं आहेत"? अवं, वाण तं घेऊन जा!...

गेल्या. सासूबाई, चुलीच्या विटा काढा जी... सतरा लागतील.