माझ्या जागी मीच

माझी नोकरी कोणी खाल्ली, विचारता ना? मीच खाल्ली. ऐका.

विद्यापीठाच्या ऑनलाइन कोर्सला मी इतिहास शिकवायचो, तासावर. जितके तास घेतले, तितकेच पैसे. मागच्या वर्षी विभागप्रमुख म्हणाले, "सर, तास रेकॉर्ड करून ठेवा. खेड्यातल्या पोरांना रेंज नसते." मी येडा, लई मन लावून केलं. शेवटच्या तासाला तर माझा मोबाइल नंबरही सांगून टाकला, अडलं तर फोन करा म्हणून.

यंदा गेलो, तर क्लार्क म्हणाला, "सर, तुमचे तास नाय यंदा."

"मग शिकवणार कोण?"

"तुम्हीच की! मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावलंय."

"आणि माझे पैसे?"

त्यानं असं बघितलं, जणू मी त्याच्याकडं उसनेच मागतोय. "तुम्ही कुठं आलात शिकवायला? व्हिडिओ आला. व्हिडिओला कसले पैसे?"

तेवढ्यात विभागप्रमुख केबिनमधून बाहेर आले. मला वाटलं, काही तरी बोलतील. बोलले ना! "पोरांचे फोन तेवढे उचलत जा, सर. विद्यापीठाचं नाव खराब नको व्हायला."

काल कन्नड तालुक्यातून एका पोरीचा फोन आला. "सर, लई भारी शिकवता तुम्ही. मला पण तुमच्यासारखं प्राध्यापक व्हायचंय. काय करू?"

म्हटलं, "अभ्यास कर बाळा, परीक्षा पास हो. फक्त समोर कोणी कॅमेरा चालू केला, की तोंड उघडू नको."