पट्टीत थांबलेली चांदी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या बाई, त्यांचे यजमान, आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या सोबत्यांनो,

बाईंच्या संशोधनाविषयी आधीचे वक्ते विद्वत्तेने बोलले. मी त्यांचा सहायक. मी एकच प्रसंग सांगतो.

भाजलेल्या जखमेवर लावायची पट्टी बाई बनवत होत्या. पॉलिमरची पारदर्शक, ओलसर, जखमेला न चिकटणारी जेली, आणि तिच्या आतच विजेच्या प्रवाहाने तयार केलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. चांदी जंतू मारते, आणि वीज वापरली की कातडीला झोंबणारी रसायनं लागत नाहीत. कण बारीक राहिले तर जेली पिवळी दिसते, एकमेकांना चिकटले तर करडी.

रुग्णालयात पहिली पट्टी पाठवायची त्या सकाळी बाई ती उजेडात धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ही नाही जायची."

अध्यक्ष महोदय तेव्हा आमचे विभागप्रमुख. "अहो, पिवळीच तर आहे."

"एका कडेला पिवळी आहे, सर. दुसरीकडे बघा, फिकी पडलीय. चांदी जेलीत थांबत नाहीये, वीज सोडणाऱ्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसतेय. कुणाच्या उघड्या जखमेवर मी अंदाजाने काम करणार नाही."

सर हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय. त्या दिवशी काही हसले नव्हते! डॉक्टर खोळंबले, वरून बोलणी बसली. बाई पुन्हा कामाला लागल्या. प्रवाहाची दिशा थोड्या थोड्या वेळाने उलटवून पाहिली. चांदी एका टोकाला साचायची थांबली, जेलीभर सारखी पसरली.

सगळ्या तपासण्या पार पडल्यावर ती पट्टी एका वेल्डरच्या भाजलेल्या हातावर लागली. पट्टी बदलायच्या दिवशी बाई वॉर्डच्या दाराशीच थांबल्या. आत जायचा धीर होईना. आधीच्या साध्या, जखमेला चिकटणाऱ्या पट्ट्या काढताना त्याचं ओरडणं जिन्यापर्यंत यायचं. त्या दिवशी आतून काहीच ऐकू येईना, तसा बाईंचा चेहरा उतरला. काही बरंवाईट तर झालं नसेल?

तेवढ्यात त्याची बायको बाहेर आली. "ताई, काढूनसुद्धा झाली पट्टी. ह्यांना कळलंच नाही."

बाई बाकावर बसल्या आणि ओंजळीत तोंड लपवून रडल्या. मी शेजारी उभा होतो.

मला एवढंच सांगायचं होतं. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. संयोजकांनी मला उभं केलं, आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बाई, निरोपाचा शब्द काही माझ्या तोंडून निघत नाही. तेव्हा तुम्हाला नमस्कार करतो आणि बसतो.