पिवळी खुर्ची

ओब्दुलिया: पिवळ्या खुर्चीवर मी बसायची नाही. नाटकात हयात गेली माझी. पिवळं अंगाला लागलं की खेळ पडतो.

बेनिता: बाकीच्या दोन वेत बदलायला दिल्यात, ओब्दुलियाबाई. आहे ती एवढीच. बसा नाहीतर उभ्या राहा.

ओब्दुलिया: उभी राहीन. तीन तीन अंक उभी राहिलेय मी, त्यात तुझ्या घरच्या चार घटका. बापाला सांगितलंस ना, कोण आलंय ते?

बेनिता: सांगितलं. दाढी करतायत. माझ्या लग्नात केली नव्हती एवढ्या निगुतीनं.

ओब्दुलिया: नाक अगदी आईचं घेतलंयस हो. जीभ मात्र कुणाची घेतलीस, कळत नाही.

बेनिता: चौदा वर्षं तुमच्याबद्दल ऐकून ऐकून तयार झालीय. घ्या, बाबा आले.

फेर्मिन: या बाई. उभ्या का?

ओब्दुलिया: खुर्चीचा रंग बघ. प्रॉम्प्टर म्हणवतोस आणि घरात हे ठेवतोस?

फेर्मिन: सुनेनं आणली. ती बँकेत आहे, तिला काय ठाऊक. जिने चढलात तीन?

ओब्दुलिया: चढले. वाटेत दोनदा थांबले, ते कुणाला सांगू नकोस. मुद्द्याचं बोलते. रविवारी दुपारी बारा वाजता माझ्या गावच्या, तोरल्बाच्या थिएटराला माझं नाव देतायत. दारावर दगड बसवलाय. नगराध्यक्ष, बँड, सगळा गाव. आणि मी गायचं म्हणतात. ‘मधवाली’तलं दुसऱ्या अंकातलं पद, दोन्ही कडवी.

फेर्मिन: छान झालं की.

ओब्दुलिया: काय छान? काल जाऊन बघून आले. रंगमंचाच्या पुढच्या कडेला तू बसून ओळी द्यायचास, तो खड्डा बुजवलाय मेल्यांनी. वर फळ्या ठोकल्यात, त्यावर कुंड्या ठेवल्यात. आता प्रॉम्प्टर नसतो म्हणे, नट सगळं पाठ करून येतात.

बेनिता: मग तुम्हीही करा पाठ. घरी कागद घेऊन बसा.

ओब्दुलिया: ऐकलंस फेर्मिन? तू पोरीला सांगितलंसुद्धा नाहीस.

फेर्मिन: सांगायचं नव्हतं म्हणून नाही सांगितलं.

ओब्दुलिया: मग मीच सांगते. बाळे, मला वाचता येत नाही. आठव्या वर्षी शेळ्यांमागे गेले, अठराव्या वर्षी कंपनीत. एकोणचाळीस सार्सुएला, म्हणजे संगीत नाटकं, गायले मी, आणि दर वेळी आठ दिवस आधी तुझा बाप मला एकेक ओळ तोंडानं द्यायचा. सूर मला एकदा ऐकला की पुरे. शब्द मात्र खड्ड्यातून यायचे, अर्धी मात्रा आधी. लोकांना सही हवी असली की मी एक फूल काढायचे. तेही यानंच शिकवलं.

बेनिता: एवढं केलं त्यांनी. आणि सारागोसात तुम्ही त्यांची ट्रंक हॉटेलच्या दारात नेऊन ठेवलीत.

ओब्दुलिया: ठेवली. दुसऱ्या कडव्याला हा गप्प बसला. तुडुंब थिएटर, वाद्यं पुढे चाललेली, आणि माझ्या तोंडात शब्द नाही. काय करणार? पहिलंच कडवं परत म्हटलं, शाल दुसऱ्या खांद्यावर टाकून.

फेर्मिन: लोकांना वाटलं, वन्समोअर न मागताच दिला. काय टाळ्या पडल्या बाई.

ओब्दुलिया: माझ्या अकलेला पडल्या. तुझ्या नाही.

बेनिता: बाबा, आता तरी सांगा. नाहीतर मी सांगते.

फेर्मिन: बेनिता, आत जा. कॉफी ठेव.

बेनिता: नाही ठेवत. बाई, बाबा गप्प नव्हते. तीनदा दिली त्यांनी ती ओळ. तिसऱ्यांदा एवढ्या मोठ्यानं, की पहिल्या रांगेतले हसले. तुम्हाला ऐकूच गेलं नाही. आणि मालकानं विचारलं तर बाबा म्हणाले, माझं पान हरवलं. बहिरी गायिका कोण ठेवतंय कंपनीत? तुमची दोन पोरं, आंधळी आई. तुमची भाकरी राहावी म्हणून यांनी स्वतःची घालवली. पुढं चौदा वर्षं ट्रामच्या डेपोत तिकिटं मोजली.

फेर्मिन: झालं समाधान? म्हातारीला जिने चढवून एवढंच ऐकवायचं होतं?

ओब्दुलिया: म्हातारी कुणाला म्हणतोस? आणि तिला रागावू नकोस. मला ठाऊक होतं.

फेर्मिन: काय ठाऊक होतं?

ओब्दुलिया: तुझे ओठ हलताना दिसत होते की मला. ओठ हलतायत आणि आवाज नाही. उजवा कान त्या वर्षीच्या थंडीत गेलाच होता, डावाही निघाला होता. पण तसं म्हणायचं कसं? फेर्मिननं दगा दिला, हे म्हणणं सोपं होतं. मग ट्रंक दारात ठेवली. मोठ्यानं भांडलेसुद्धा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बेनिता: आणि चौदा वर्षं झोप लागली तुम्हाला?

ओब्दुलिया: लागली. खोटं कशाला सांगू? दिवसभर राबणाऱ्याला लागते झोप. पण सारागोसाचं नाव निघालं की घास फिरायचा तोंडात.

फेर्मिन: मग पुढची सहा वर्षं गायलात कशा?

ओब्दुलिया: ओठांवर. अक्षरं नाही आली मला, ओठ आले; आत्ताही तुम्हा दोघांचं बोलणं तिथूनच घेतेय. नव्या प्रॉम्प्टरला पहिली अट, मिशी काढायची. एकानं नाही काढली, त्याच्या मिशीपायी मी नवऱ्याऐवजी सासऱ्याला मिठी मारली भर खेळात.

फेर्मिन: ते कळलं होतं मला. डेपोत दोन दिवस हसत होतो.

ओब्दुलिया: हस. आणि आता ऐक. पहिल्या रांगेत मधोमध तुझी खुर्ची. तू नुसते ओठ हलवायचे. नाही आलास तर मी घसा बसलाय म्हणून सांगेन आणि दगडावरचा पडदा ओढून घरी येईन. माझ्या गावापुढं अडखळणार नाही मी.

फेर्मिन: बाई, वरचे दात गेले माझे. कवळी आहे, पण ती बोलताना निसटते. आणि उजेडात बसायची सवय नाही मला. सगळा जन्म लोकांकडे पाठ होती.

बेनिता: बाबा येतील. पण एका अटीवर.

ओब्दुलिया: बोल. अट घालायला बापापेक्षा तूच बरी.

बेनिता: पद सुरू करायच्या आधी सारागोसाचं खरं सांगायचं. त्यांचं नाव घेऊन. लोकांदेखत.

फेर्मिन: नको. तिच्या मानाचा दिवस आहे तो.

ओब्दुलिया: तू मध्ये बोलू नकोस, तुझं काम हळू बोलायचं. सांगेन, बेनिता. वाचता येत नाही, हेही सांगेन. दगडावर माझं नाव कोरलंय म्हणतात. बरोबर कोरलंय की नाही, ते मला दुसऱ्यालाच विचारावं लागतंय.

फेर्मिन: मी वाचून सांगेन.

ओब्दुलिया: सांग. आता दे बघू दुसरं कडवं. आवाज नको.

(फेर्मिन आवाज न काढता ओठ हलवतो.)

ओब्दुलिया: ‘वाटेत भेटला कोणी, घागर उतरव म्हणे...’ बरोबर?

फेर्मिन: बरोबर.

ओब्दुलिया: पुढं दे. हं... थांब. हे पदात नाही.

बेनिता: काय म्हणाले बाबा?

ओब्दुलिया: इतकी वर्षं बाई, बाई करत होता. आत्ता म्हणाला, ओब्दुलिया, पाय दुखत असतील, बस.

बेनिता: शेजारून खुर्ची मागून आणते.

ओब्दुलिया: कशाला? सरकव तीच इकडे. आणि कॉफी ठेव.